घर बांधताय? झाकलं जाण्याआधी बघून घ्या

पुण्याच्या कडेला धायरीला, मांजरीला, चऱ्होलीला किंवा भूगावला वडिलांनी कधीतरी घेऊन ठेवलेला दीड-दोन गुंठ्यांचा प्लॉट असतो. एक दिवस घरात ठरतं, आता बांधूया. भूमिपूजन होतं, पेढे वाटले जातात आणि मग दर रविवारी सगळं कुटुंब साईटवर जाऊन फोटो काढून येतं. फोटो जरूर काढा. पण रविवारी जे दिसतं त्यातलं महत्त्वाचं बरंचसं तोवर झाकून झालेलं असतं.

बांधकामात पुढचा टप्पा मागच्या टप्प्याला गाडून टाकतो. खड्ड्याचा तळ पीसीसीखाली, म्हणजे पायातल्या पहिल्या साध्या काँक्रीटच्या थराखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये, पाइप गिलाव्यात आणि वॉटरप्रूफिंग फरशीखाली. म्हणून तुम्ही इंजिनिअर नसलात तरी चालेल, रोज साईटवर उभं राहायचीही गरज नाही. काहीतरी झाकलं जाणार असेल त्याच्या आदल्या दिवशी तिथे पोचायचं, एवढं वेळापत्रक सांभाळलं तर घराचा मागोवा नीट घेता येतो. नोकरीतल्या सुट्ट्या त्या हिशेबाने राखून ठेवा.

आधी जमीन कागदावर बघा

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा कागद आणि झोन दाखला ही तीन कागदं हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला घराचे नकाशे काढायला लावू नका. सामाईक सातबाऱ्यावर एक-दोन गुंठे नावावर असतील, तर आराखडा मंजूर करून घेणं आणि बँकेचं कर्ज दोन्ही अवघड जातं. वकिलाचा सल्ला तिथे आधी घ्यायचा, नंतर नाही. टेकडीच्या कडेचा प्लॉट असेल तर तो बीडीपीत, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात येतो का ते बघा. नदीजवळ असेल तर पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा बघा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत कसं पाणी शिरलं ते पुण्याने पाहिलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये तर आंबील ओढ्याच्या पुराने सगळ्यांना धडा दिला होता, आणि तो नदी नव्हे, ओढा आहे. आजूबाजूच्या जुन्या लोकांना विचारा, पावसाळ्यात इथे पाणी कुठून येतं. नकाशात नसलेला ओढा त्यांच्या आठवणीत असतो.

परवानगी कोणाकडून घ्यायची हेही पक्कं करा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यामुळे महापालिका, पिंपरी-चिंचवड की पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) याबाबत गावागणिक गोंधळ आहे. नियमांचं पुस्तक मात्र आता बहुतेक महाराष्ट्राला एकच आहे, २०२० च्या डिसेंबरात आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली. आर्किटेक्टने दिलेला मंजूर नकाशा, त्यावरची सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) आणि प्रारंभ दाखला, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, यांची एक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून साईटवर ठेवा.

भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा पक्क्या करा. शेजाऱ्याशी संबंध कितीही गोड असले तरी करा. संबंध तसेच गोड राहावेत म्हणूनच करा.

करार

ठेकेदाराशी दोन प्रकारे ठरतं: नुसत्या मजुरीवर, किंवा मालासकट. मजुरीवर दिलं तर सिमेंट, स्टील, खडी, क्रश सँड सगळं तुम्हाला आणायचं, त्यात वेळ जातो पण माल डोळ्यांसमोर राहतो. मालासकट दिलं तर सिमेंटचा आणि स्टीलचा प्रकार, नळांचा आणि वायरचा दर्जा, टाइल्सचा चौरस फुटाचा दर हे सगळं करारात लिहून घ्या. "चांगल्या कंपनीचं वापरू" हे वाक्य करारात नसावं. चांगल्या कंपन्या फार आहेत.

नवख्यांचा गोंधळ उडतो तो ब्रासमध्ये. खडी, वाळू, मुरूम मोजताना ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा किंवा स्लॅबचं क्षेत्र मोजताना ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. छज्जे, पॅरापेट, जिन्याची टोपी, पाण्याच्या टाक्या आणि कंपाउंडची भिंत मोजमापात कशी धरायची, हे आधीच ठरवा, कारण शेवटचा वाद ह्याच पाच गोष्टींवर होतो. पैसे टप्प्याने द्यायचे आणि साधारण पाच टक्के रक्कम घर एक पावसाळा काढेपर्यंत मागे ठेवायची, हेही तिथेच लिहा.

आर्किटेक्ट वेगळा आणि सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं गणित करणारा आरसीसी कन्सल्टंट वेगळा. दोन मजल्यांच्या घराला वेगळा कन्सल्टंट कशाला, असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात मोडतं आणि ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट त्या काकांनाही आठवत असेल. कन्सल्टंटच्या फीमध्ये साईट भेटी किती आणि कोणत्या, ते लिहून घ्या: खड्डे झाल्यावर, फुटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) सळईला, प्रत्येक स्लॅबच्या आधी.

वास्तुशास्त्र मानत असाल तर जे काय आहे ते नकाशाच्या वेळीच उरकून घ्या. कॉलम उभे राहिल्यावर स्वयंपाकघर आग्नेयेला सरकत नाही.

आखणी आणि खड्डे

दसरा-दिवाळीत सुरुवात, डिसेंबरपर्यंत जोतं, फेब्रुवारी-मार्चपर्यंत स्लॅब आणि मे संपायच्या आत गच्ची व बाहेरचा गिलावा, असा क्रम पुण्याच्या हवेला मानवतो. मजुरांचं कॅलेंडरही जमेस धरा. उत्तरेकडचे कारागीर छठला आणि होळीला गावी जातात, मराठवाडा आणि कर्नाटकातले चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला. त्या पंधरवड्यात स्लॅबची तारीख धरू नका.

लाईनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घर आखायच्या दिवशी चुन्याच्या रेघा मारल्या की स्वतः टेप धरा. एका कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर तो कोपरा काटकोनात आहे. मग पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे यायला हवेत. हद्दीपासूनचं अंतर नकाशाशी ताडून बघा. इथली चार इंचांची चूक पुढे भोगवटा पत्राच्या, म्हणजे बांधलेलं घर वापरायच्या परवानगीच्या वेळी उभी राहते.

खड्डे हा पुण्यातला खरा विषय आहे. इथे खाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे, पण तो किती खाली, हे प्लॉटनुसार बदलतं. एका कोपऱ्यात चार फुटांवर पहार खणखणते आणि दुसऱ्या कोपऱ्यात आठ फुटांवरही काळी माती. ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर फुटिंग बसवलं की दरवर्षी घर थोडं हलतं आणि भिंतींना तिरक्या चिरा जातात. शहराभोवती बुजवलेल्या दगडखाणीही बऱ्याच आहेत; वरून सपाट प्लॉट, आत राडारोडा. म्हणून सगळे खड्डे कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत गेले पाहिजेत, नकाशात पाच फूट लिहिलंय म्हणून पाच फुटांवर थांबायचं नाही. कन्सल्टंटने प्रत्येक खड्ड्यात डोकावून "हो" म्हटल्याशिवाय पीसीसी टाकू देऊ नका. खड्ड्यात टेप सोडून फोटो घ्या आणि त्यावर कॉलमचा नंबर लिहा. घराच्या आयुष्यात हा तळ पुन्हा कोणाला दिसणार नाही.

वाळवीची फवारणीही याच सुमारास, भराव झाकायच्या आधी.

जोतं

मुरमाचा भराव एकदम ओतून वर सोलिंग (दगडांचा थर) केलं तर दोन वर्षांत फरशी खचते. सहा ते आठ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमसाने किंवा कॉम्पॅक्टरने ठोकणं. कंटाळवाणं काम आहे म्हणून हेच टाळलं जातं. जोत्याची उंची ठरवताना आजच्या रस्त्यावर जाऊ नका. आपल्याकडे रस्ता उकरून नव्हे, जुन्यावर नवा थर टाकून दुरुस्त होतो. जुन्या पेठांतली आणि कोथरूडमधली कित्येक घरं त्यामुळे रस्त्यापेक्षा खाली गेली आहेत. जोतं झालं की आर्किटेक्टकडून जोते तपासणीचं काम लगेच करून घ्या. वरचं बांधकाम चढल्यावर ते मागे राहतं.

सळई : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ट्रक आला की सळईवर आयएस १७८६ ची खूण आणि ग्रेड बघा. घरांसाठी फे ५०० डी चांगली. मग वजन. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.७ किलो भरली पाहिजे, ८ मिलिमीटरची ४.७ किलो. थोडं इकडेतिकडे नियमात बसतं, पण बरंच हलकं भरलं तर माल परत. हलका तांबूस गंज चालतो, पापुद्रे निघणारा नाही. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरायचं नाही, आणि गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब.

स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर चढा. चप्पल नको, बूट घाला. हातात मंजूर आरसीसी ड्रॉइंग आणि टेप. सळईचा व्यास आणि दोन सळयांमधलं अंतर चार-पाच ठिकाणी मोजा. सळई आणि सेंट्रिंगच्या प्लेटमध्ये अंतर राखणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक हवेत: स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला किमान २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले दिसले तर काढायला लावा. कव्हर कमी पडलं की दहा-पंधरा वर्षांनी सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडायला लागतात. जुन्या सोसायट्यांचे पार्किंग बघा.

बीम-कॉलमच्या उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोकं आत, १३५ अंशात वळलेली हवीत. ९० अंशात वळवून सोडलेली रिंग भूकंपात उघडते. बीम आणि कॉलम मिळतात तिथे रिंगा जवळजवळ येतात, तिथेच फिटर (सळई बांधणारा) हात आखडता घेतो कारण तिथे बोटं जात नाहीत. सगळ्या सळयांचे जोड एकाच रेषेत आले असतील तर कन्सल्टंटला फोन करा.

आणि गॅलरी. पुढे आलेल्या गॅलरीची आणि छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ताण वर येतो. स्लॅब टाकताना घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. दबली की त्या गॅलरीला आधारच राहिला नाही. तिच्याखाली सळईच्या मजबूत खुर्च्या आहेत का बघा आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकायला लावा. फिटर म्हणेल, "कुछ नहीं होता साब." तो चांगला माणूस आहे, पण त्या गॅलरीत उभं राहायचंय आपल्याला.

पंख्याचे हूक, दिव्यांचे फॅनबॉक्स आणि वायरचे कंड्यूट पाइप बसलेत ना, हेही त्याच संध्याकाळी. नंतर स्लॅब फोडावा लागतो.

स्लॅबचा दिवस

पाच इंच जाडीच्या १००० चौरस फूट स्लॅबला बीम सोडून जवळजवळ १२ घनमीटर काँक्रीट लागतं. रेडीमिक्स मागवलं तर सहा घनमीटरची गाडी गल्लीत वळते का, वरून तारा जातात का, हे आधी बघा. गर्दीच्या वेळी अनेक रस्त्यांवर जड वाहनांना बंदी असते, त्याप्रमाणे वेळ घ्या. गाडी आली की चलन हातात घ्या: ग्रेड आणि प्लँटमध्ये मिश्रण केल्याची वेळ. त्या वेळेपासून दोन तासांत माल रिकामा व्हायला हवा. काँक्रीट घट्ट वाटतंय म्हणून पाइपने पाणी मारायला कोणी निघालं तर तिथेच थांबवा.

साईटवर मिक्सर लावणार असाल तर पाण्याचं माप हाच दिवसभराचा पहारा. साध्या एम २० मिश्रणात सिमेंटच्या एका ५० किलोच्या गोणीला वाळूतली ओल धरून ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. मिक्सरवाल्याला बादली ठरवून द्या. पातळ काँक्रीट पसरायला सोपं जातं, म्हणून दुपारनंतर बादल्या वाढत जातात. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास मिक्सरजवळ घालवा.

काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे व्हायब्रेटर दोन हवेत, त्यातला एक पेट्रोलवर चालणारा, कारण वीज नेमकी त्या दिवशी जाते. काँक्रीटची ताकद तपासायला त्याचे क्यूब भरून घ्या: १५ सेंटिमीटरचे सहा, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी तपासायला. ठेकेदाराला हे फारसं आवडत नाही, पण कराराच्या वेळीच सांगून ठेवलं असेल तर कुरकुर होत नाही. ताडपत्री आणून ठेवा. मार्च-एप्रिलमध्येही पुण्यात वळवाची सर येते.

नारळ फुटतो, मजुरांना जेवण द्यायची पद्धत आहे, ती पाळा. एरवीही साईटवर प्यायचं स्वच्छ पाणी आणि संडासची सोय मालकाने बघावी. वॉचमनची लहान मुलं साईटवर राहत असतील तर पाण्याच्या टाकीला झाकण आणि जिन्याला तात्पुरता कठडा पहिल्या दिवसापासून हवा.

पाणी मारणं

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर आळी करून पाणी भरायचं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस ओल सुटता कामा नये. स्लॅबवर सगळे पाणी भरतात. उपाशी राहतात ते कॉलम. त्यांना गोणपाट गुंडाळून ते भिजवत ठेवायला लावा. प्रत्येक कॉलमवर काँक्रीट टाकल्याची तारीख खडूने लिहा, म्हणजे वाद नको.

सेंट्रिंग काढायची घाई ठेकेदाराला असते, कारण प्लेटांचं भाडं रोज चढतं किंवा त्या दुसऱ्या साईटवर हव्या असतात. नेहमीच्या सिमेंटसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे दोन आधारांत साडेचार मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. बीमचे सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१ दिवस. पीपीसीला अजून थोडे वाढवून घ्यायचे. वरचा स्लॅब टाकताना खालच्या मजल्याचे टेकू काढलेले नसावेत.

प्लेटा निघाल्या की खालून बघा. मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळ जागा दिसली तर कन्सल्टंटला दाखवल्याशिवाय तिच्यावर सिमेंट फासू देऊ नका. रात्रीत फासतात.

भिंती आणि त्यांच्या पोटातलं

विटा भिजवून वापरायच्या. एएसी ब्लॉक (हलके सच्छिद्र ठोकळे) भिजवायचे नाहीत, पृष्ठभाग ओलसर केला की पुरे. एका दिवसात पाच फुटांपेक्षा उंच भिंत चढवायची नाही. चार इंची भिंतीत मधे काँक्रीटचा पट्टा हवा. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी चिकन मेश (बारीक तारेची जाळी), नाहीतर त्या रेषेत चीर ठरलेली.

वायरिंगसाठी भिंती फोडताना कॉलम-बीमला कोणी छिन्नी लावत नाही ना, एवढं बघा. आणि गिलावा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एकेका खोलीची एकेक भिंत, टेप धरून, फोटोत घ्या: नळाचे पाइप, कंड्यूट, सगळं. फोटो खोलीच्या नावाने फोल्डरमध्ये ठेवा. पाच वर्षांनी गीझरशेजारी खिळा ठोकताना ह्या फोल्डरची किंमत कळते. गच्चीपासून मीटरपर्यंत सोलरसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवा, आज पॅनल घेणार नसलात तरी. पाइपलाइनला गिलाव्याआधी प्रेशर टेस्ट लावून एक रात्र सोडा.

ओल

बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बंद करून पाणी भरा आणि ४८ तासांनी खालच्या छताला हात लावून बघा. फरशीवाला दारात उभा असेल तरी हे सोडू नका. गच्चीवर आपल्याकडे वीटतुकड्यांचा कोबा करतात. शंभराला एक उतार, पॅरापेटच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, आणि पाणी जायला एकाऐवजी दोन आउटलेट. एक पानांनी तुंबतोच. तिथेही पाणी भरून परीक्षा घ्या. बाहेरचा गिलावा दोन थरांत. बाकी रंग, फर्निचर, टाइल्स हे डोळ्यांसमोर राहणारं काम आहे, त्यावर घरातले सगळे लक्ष ठेवतातच.

ताबा आणि त्यानंतर

वास्तुशांतीची तारीख भोगवटा पत्राआधीची धरली जाते, हे मला पटत नाही. एकदा राहायला गेलं की त्या कागदामागे कोणी धावत नाही, आणि मग पाण्याच्या जोडणीपासून विक्रीपर्यंत सगळीकडे त्यावाचून अडतं. बांधकामाचं तात्पुरतं वीज कनेक्शन महावितरणकडून घरगुती करून घ्या. महापालिका हद्दीत मिळकत कराची आकारणी झाली की स्वतः राहणाऱ्यांना मिळणाऱ्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. ती सवलत आपोआप मिळत नाही.

पहिल्या पावसाळ्यात जून-जुलैमध्ये, सलग दोन दिवस झड लागली की टॉर्च घेऊन खिडक्यांच्या खालच्या कडा, जिन्याच्या टोपीचा सांधा, पॅरापेटची आतली बाजू आणि बाथरूमच्या बाहेरच्या भिंती बघा. ओलीचा डाग दिसला की पेन्सिलने त्याची कड आखून तारीख घाला, म्हणजे तो वाढतोय का ते कळेल. यादी ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा, दुरुस्ती कोरड्या दिवसांत करून घ्या, परतीच्या पावसात पुन्हा तपासा आणि मग राखून ठेवलेले पाच टक्के द्या.